पापणी हलवा, मोठेबाबा

पुण्यात मी एका कंपनीत लोकांना 'डिजिटल' करायचं काम करतो. म्हणजे नेमकं काय, हे घरी अजून कोणाला पटवता आलेलं नाही. मोठेबाबांच्या हिशेबी मी कम्प्युटर दुरुस्त करणारा. त्यामुळे दिवाळीला वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी पोचलो, तर हातपाय धुवायच्या आधीच पन्नीत गुंडाळलेलं आधार कार्ड पुढ्यात आलं.

"बाबू, माया हप्ता अटकून रायला. केवायसी पायजे म्हणते. तू तं यातलाच आहे."

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,०००चे तीन हप्ते. २०२४च्या फेब्रुवारीत सोळावा हप्ता सुटला तो यवतमाळातून, आणि अठरावा त्याच वर्षी ऑक्टोबरात वाशिमातून. म्हणजे पैसा आमच्या विदर्भातूनच निघून देशभर गेला. "मले वाटलं, जाता जाता इकडं उतरला असन," मोठेबाबा म्हणाले.

म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. हे वाक्य मी ऑफिसातही रोज म्हणतो, आणि तिथले लोक आता घड्याळही बघत नाहीत.

ओटीपीला रेंज लागते, आणि आमच्या गावात रेंज फक्त मारुतीच्या पारावर. तीही देवाकडे पाठ केली तर. इथून जवळच सेवाग्रामला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी गांधीजींशी बोलता यावं म्हणून टेलिफोन बसवून दिला होता. आश्रमात तो अजून पाहायला मिळतो. शाळेच्या सहलीत त्याला पाहून आम्ही हसलो होतो. आता मी मारुतीकडे पाठ करून, मोबाइल आभाळाला दाखवत उभा होतो आणि पारावरची पोरं हसत होती.

ओटीपी गेला. पण आला नाही. चौकशीअंती कळलं, की आधारला जोडलेला नंबर जावईबापूंचा, आणि जावईबापू मागच्या दिवाळसणापासून रुसलेले.

"मग फोन लावा ना त्यांना."

"लावतो नं. पण थे पयले आंगठी मागतीन."

६,००० रुपयांसाठी सोन्याची अंगठी. आम्ही दोघांनी मुकाट्याने चपला घातल्या आणि तालुक्याला निघालो.

केंद्रावरच्या पोराने मोठेबाबांचा अंगठा मशीनवर ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल. ओल्या फडक्याने घासून झाला, डोक्यावरच्या केसांतून फिरवून झाला, मग दुसऱ्या हाताचा झाला. "काकाजी, आंगठा येऊनच नाही रायला जी." मी तो अंगठा पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडांची टोकं लागून लागून कडेला बारीक चिरा पडलेल्या, मधे विळ्याची एक जुनी खूण, आणि रेघा म्हणाल तर पाटी पुसल्यासारख्या. गंमत म्हणून मी माझा लावला असता तर मशीनने ओवाळूनच घेतलं असतं. त्याने आयुष्यात मोबाइल वर-खाली सरकवण्यापलीकडे काही केलेलं नाही.

"मताच्या दिवशी तं याच हाताच्या बोटाले कोनी नाही म्हनत नाही," मोठेबाबा डावा हात पुढे करून म्हणाले. पोराला एकदम स्क्रीनवर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

मग चेहऱ्याने करायचं ठरलं. मोबाइल समोर धरायचा, पापणी हलवली की झालं. आता इथे थोडा इतिहास सांगावा लागेल. मोठेबाबांच्या लग्नाच्या एकुलत्या एका फोटोत त्यांचे डोळे मिटलेले आहेत, आणि मोठीआई ते गेली पन्नास वर्षं ऐकवते आहे. तेव्हापासून कॅमेऱ्यापुढे डोळे मिटायचे नाहीत, असा त्यांचा पण आहे. टोपी सरळ झाली, मान ताठ झाली आणि डोळे असे वटारले गेले की रांगेतलं एक लेकरू रडायला लागलं.

"पापणी हलवा, काकाजी."

मान हलली.

"पापणी जी, पापणी!"

मिशी हलली.

मी समोर उभा राहून दाखवायला लागलो. दोन्ही डोळे, मग एक एक, मग पुन्हा दोन्ही. मागच्या बाकावरच्या बाईंनी पदर सावरून तोंड फिरवलं, तेव्हा थांबलो. मग वाकून समजावायला गेलो तर मोबाइलने माझाच चेहरा धरला आणि जुळत नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यापुरतं मशीन बरोबर होतं.

शेवटी पोरगा थकला. "आता होवो का नाही होवो काकाजी, पन्नास रुपये तं द्या लागते."

मोठेबाबांच्या पापण्या दोनदा फडफडल्या. मोबाइलवर हिरवी खूण उमटली.

घरी पोचेस्तोवर अंधार पडला. मोठीआई चुलीपाशी रोडगे परतत होती. मान वर न करता तिने विचारलं, "झालं का जी?"

"झालं. डोये मिटले, तवा झालं."

"लग्नातबी मिटलेच होते," ती म्हणाली, "तवा त एक रुपया नाही आला."