अर्ज ६अ भरला म्हणजे मत दिले असे नव्हे

खानापूर, निपाणी आणि बेळगाव परिसरातील व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश फिरतो आहे: आखातात असलेल्यांनी अर्ज ६अ (परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनी मतदार यादीत नाव नोंदवण्याचा अर्ज) भरावा, नाव गावच्या यादीत येईल आणि तिथूनच मोबाईलवर मत देता येईल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरी चालेल. यातील अर्ज भरण्याचा सल्ला तेवढा योग्य आहे.

मोबाईलवर किंवा दूतावासात मत देण्याची सोय अनिवासी नागरिकांना आजही नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन कलम २०अ आले. त्याने त्यांना यादीत स्थान दिले, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतःच मतदान केंद्रावर यावे लागते. टपाली मतपत्रिका सैन्यदलातील आणि परदेशी नेमणुकीवरच्या सरकारी कर्मचाऱ्यांना मिळते. आपल्या वतीने दुसऱ्याने मत देण्याची मुभा देणारे विधेयक लोकसभेने २०१८ मध्ये मंजूर केले होते, पण पुढल्या वर्षी लोकसभा विसर्जित होताच तेही बाद झाले. २०१९ च्या निवडणुकीत मत दिलेल्या सुमारे २५ हजार अनिवासींपैकी बहुतेक सगळे केरळचे होते. घरबसल्या मत देता आले असते, तर तिकिटाचे पैसे मोडून ही माणसे गावी कशाला आली असती?

ओसीआय कार्डधारक दुसऱ्या देशाचा नागरिक असतो. त्याला मताधिकार नाही.

खरी फसगत होते ती 'गावच्या यादीत' या शब्दांनी. नोंद होते ती पासपोर्टवर जो पत्ता असेल त्या मतदारसंघात, आणि आपल्याकडची कितीतरी मुले आधी पुण्याला किंवा गोव्याला नोकरीला जाऊन तिथल्याच पत्त्यावर पासपोर्ट काढतात. मस्कतला असलेल्या माझ्या धाकट्या भावाचा अर्ज आम्ही नंदगडच्या घरी भरायला बसलो, तेव्हा त्याने पाठवलेल्या फोटोत पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पुण्यातल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता निघाला. ती खोली सोडून चार वर्षे झाली. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) चौकशीला तिथे गेला असता, तर भावाला ओळखणारे कोणीच भेटले नसते.

म्हणून नंदगडचा पत्ता घालून नवा पासपोर्ट घ्यायचा आणि मगच अर्ज भरायचा, असे भावाने ठरवले आहे. मतदानाच्या वेळी त्याला रजा मिळेल का, हे आई आतापासूनच प्रत्येक फोनवर विचारते.