पारवा सापडला का?

शाळेचा मेसेज: 'पाल्याने घरच्या घरी इंद्रधनुष्य तयार करावे. फोटो सोमवारपर्यंत.' पाल्य आठ वर्षांचा. रविवारी सकाळी तो कार्टून बघत होता आणि मी परातीत पाणी भरत होतो.

कृती सोपी. पाण्यात तिरका आरसा ठेवायचा, त्यावर ऊन घ्यायचं. आरशावरचं पाणी पाचरीसारखं होतं आणि लोलकाचं काम करतं. तांबडा कमी वळतो, जांभळा जास्त. माझा दाढीचा आरसा त्यात गेला. आमच्याकडे ऊन फक्त गॅलरीत येतं, आणि कवडसा पडला समोरच्या बिल्डिंगमध्ये, पेपर वाचणाऱ्या काकांच्या चष्म्यावर.

"अहो चौथा मजला! या वयात आरसे मारता? सून आहे माझी घरात!"

"काका, प्रयोग आहे. शाळेचा."

"कितवीत आहात?"

पाच मिनिटांत बेल. काका बनियनवर, हातात पेपर तसाच. परातीकडे बघून म्हणाले, "पितळेची हवी." का, ते नाही सांगितलं. मग स्वतःच बोट बुडवून आरसा हलवत राहिले आणि मला म्हणाले, "पाणी हलवू नका हो!"

शेवटी आरसा जरा आडवा कलला आणि छतावर रंग उमटले. खोटं कशाला बोलू, दोन क्षण मीही तोंड उघडं टाकून बघत राहिलो. काकांनी मोजायला घेतलं. "ता, ना, पि, हि, नि... पारवा कुठाय?"

"निळ्या-जांभळ्याच्या मध्ये असेल."

"असेल म्हणजे? दाखवा."

मी सांगितलं, न्यूटनने गाण्यातल्या सात सुरांशी जुळवायला रंगही सात धरले. काका खुर्चीत बसले. "म्हणजे नीट दिसतही नाही तो? पाचवीत पारवा विसरलो म्हणून छडी खाल्लीय मी!"

मला वाईट वाटलं. पण तो न्यूटन तरी बघा. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं आणि हा घरी गेला. पुढे लोलक घेतला, खिडकीच्या झडपेला भोक पाडून उन्हाची एक तिरीप आत घेतली, आणि रंगांवरचा निबंध छापला १६७२ मध्ये. त्याच्या आईला कुणी सोमवारची मुदत दिली नव्हती. शाळा बंद असली की प्रयोग होतात, चालू असली की पालकांचे हाल होतात. आठवड्यात एक सुट्टी मिळते हो!

फोटोत अर्धं इंद्रधनुष्य आणि काकांचं पोवळ्याची अंगठी घातलेलं बोट आलं. बाईंचं उत्तर: 'छान. पाल्य दिसत नाही. पुन्हा पाठवा.' सोमवारी आभाळ भरून आलं.

पाणी आत शिरून आरशाचा पारा उडालाय, बरोबर डाव्या गालाच्या जागी. आज गुरुवार. गॅलरीत उजेडाला उभा राहून अंदाजाने दाढी करत होतो, तेवढ्यात समोरून हाक आली, "चौथा मजला! पारवा सापडला का?"

मी दचकलो. ब्लेड लागलं.

"नाही काका. तांबडा सापडलाय."