ड्रुइडची पेनी म्हणजे कंपनीच्या दुकानातली चकती नव्हे

जुन्या खाण-नाण्यांबद्दल एक मजकूर सध्या बराच फिरतोय: ‘खाणमालक मजुरांना खऱ्या पैशांऐवजी या चकत्या द्यायचे. त्या फक्त कंपनीच्या दुकानात चालायच्या, म्हणजे ही खोटी नाणीच. आज मात्र एकेक नाणं लाखमोलाचं.’ सोबत फोटो असतो तो वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीच्या पेनीचा. (फ्रान्सच्या पॅरिसशी हिचा संबंध नाही, पॅरिस हा बेटावरचा तांब्याचा डोंगर.)

दुकानाचं आधी बघू. माझ्याकडची १७८७ ची पेनी जड आहे, तळहाताला वजन जाणवतं. पुढे ओकच्या पानांच्या वेढ्यात दाढीवाला ड्रुइड, कारण अँगलसी हे या प्राचीन पुरोहितांचं ठाणं. मागे कंपनीची गुंफलेली आद्याक्षरं आणि भोवती मजकूर: धारकास एक पेनी देण्याचे वचन. आपल्या नोटेवर असतं, तसंच वचन. आता नाणं उभं धरून कड फिरवा: ‘मागताक्षणी, लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी येथे’. दुकानापुरती चकती असती, तर लंडनला पैसे देण्याची हमी कडेवर कोरायचं कारणच काय? मजुरी कंपनीच्याच दुकानात वळती करून घेण्याची पद्धत ब्रिटनमध्ये होती आणि ती अन्यायाचीच होती. पण तिचं खापर या पेनीवर फोडू नये.

‘खोटी’ म्हणणं तर मला फारच लागतं. सरकारी टांकसाळीने १७७५ नंतर तांब्याची नाणी पाडणं थांबवलं होतं. बाजारात नकली अर्ध्या पेन्यांचा सुळसुळाट, आणि मजुरी द्यायला सुटे पैसे नाहीत. खाणीचा कारभार पाहणाऱ्या थॉमस विल्यम्सकडे तांबं घरचंच होतं. त्याची पेनी एक औंसाची, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. राजाच्या दोन अर्ध्या पेन्या मिळून २० ग्रॅमच्या आसपास भरत. आणि राजाची स्वतःची तांब्याची पेनी यायला १७९७ उजाडलं.

लाखमोलाचं? ही नाणी लाखोंनी पाडली गेली. झिजलेली पेनी आजही हौशी माणसाच्या आवाक्यात असते. भाव ठरतो तो ठशातल्या बारीक फरकांवर, पानं-फळांच्या मांडणीवर आणि नाण्याच्या अवस्थेवर. चिंच लावून लखलखीत केलेली पेनी तर मी फुकटही घेणार नाही. दोनशे वर्षांचा तो तपकिरी थर एकदा गेला की परत येत नाही.

कुणी विकायला आणली, तर आधी कडेचा फोटो मागा.