‘कलाकारांना फुकट का पोसायचं?’ या मेसेजला उत्तर

नाशिकमधल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सरकार कलाकारांना दरमहा 5000 रुपये वाटतं, कला हा छंद आहे, हे लोक कर भरत नाहीत, खरा कलाकार बाजारात टिकतोच. आणि मग रिक्षावाल्यांनी काय घोडं मारलंय?

आधी त्या पाच हजारांचं बघू. ही राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. त्यासाठी वय 50 च्या पुढे लागतं (दिव्यांगांना 40), कलेत किमान 15 वर्षं घालवलेली लागतात आणि वर्षाचं उत्पन्न 60 हजारांच्या आत लागतं. 2024 पर्यंत खालच्या श्रेणीतल्या कलावंताला 2250 रुपये मिळत, त्यानंतर सगळ्या श्रेणींना सारखेच 5000 झाले. शिवाय निवड होते जिल्ह्यातून वर्षाला 100 जणांची. आपल्या जिल्ह्यात तालुके 15, म्हणजे तालुक्याच्या वाट्याला सातही येत नाहीत. पेठ-सुरगाण्याकडचे बोहाड्यात (मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात) सोंगं नाचवणारे, पावरी वाजवणारे, चंदनपुरीचे वाघ्या-मुरळी, गोंधळी, शाहीर, शहरातले जुने नट, सगळे त्या शंभरात. बरं, 15 वर्षांचा पुरावाही द्यायचा. शहरातल्या नटाकडे कात्रणं आणि प्रमाणपत्रं असतात. रात्रभर जड मुखवटा पेलून नाचणाऱ्याला गावात प्रमाणपत्र कोण देतं? ज्याला खरी गरज, तोच कागदावर अडतो. सरसकट वाटप म्हणतात ते हे नव्हे.

छंद म्हणणाऱ्यांनी साथीला बसणाऱ्या तबलजीचा एक कार्यक्रम जवळून बघावा. कालिदास कलामंदिरात प्रयोग रात्रीचा, पण साऊंड चेकला दुपारीच हजर राहायचं, त्याआधी तालमी. पैसे मिळतात ते फक्त नाइटचे, म्हणजे त्या एका प्रयोगाचे. तालमीचे नाहीत, येण्याजाण्याचे नाहीत, पुडी (तबल्यावरचं कातडं) फाटली तर नव्या पुडीचे नाहीत. पाकीट कधी त्याच रात्री हातात पडतं, कधी आयोजकाला चार फोन केल्यावर. गणपती-नवरात्रात उसंत नाही आणि पितृपंधरवड्यात फोन वाजत नाही. घरभाडं मात्र दर महिन्याला द्यावंच लागतं.

कराचं म्हणाल तर एका संस्थेकडून मिळणारी वर्षाची रक्कम मर्यादेपुढे गेली की 10 टक्के टीडीएस कापूनच पैसे येतात. उत्पन्न करपात्र नसलं तरी कापतात. परत हवा तर रिटर्न भरा.

राहिला बाजार. 2020 च्या मार्चमध्ये नाट्यगृहांना कुलपं लागली तेव्हा कुणाच्या गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता, बाजारच बंद होता. 2021 मध्ये राज्याने 56 हजार कलाकारांसाठी मदत ठरवली, प्रत्येकी 5000 रुपये, तीही एकदाच. 2023 मध्ये आलेल्या केंद्राच्या, कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यात कुंभार आणि मूर्तिकार आहेत. गायक, वादक, नट नाहीत. म्हणजे पस्तिशीतला वादक आजारी पडला तर त्याच्यामागे उभं राहील असं, कलावंत म्हणून, फारसं काही नाही.

रिक्षावाल्यांचा मुद्दा मात्र योग्य आहे, आणि त्यांच्यासाठी राज्याने कल्याणकारी मंडळ काढलंही आहे. एकाचं काढून दुसऱ्याला द्या असं कुणीच म्हणत नाही. ज्याला कायमचा मालक नाही त्याला संरक्षण कसं द्यायचं, हे महाराष्ट्राने 1969 च्या माथाडी कायद्यात दाखवलंय. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. म्हणून काम देणाऱ्याकडून मजुरीवर लेव्ही (ठरावीक टक्के जादा रक्कम) घ्यायची, ती मंडळात जमा करायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी करायचं. जर्मनीत 1983 पासून कलाकारांसाठी जवळपास हेच चालतं: विम्याचा निम्मा हप्ता कलाकार भरतो, सुमारे 30 टक्के कलेचा वापर करणाऱ्या संस्था आणि 20 टक्के सरकार. यात फुकट काही नाही, कलाकार स्वतः भरतोय.

आता सिंहस्थ आलाय. त्यानिमित्त होणाऱ्या सांस्कृतिक कार्यक्रमांच्या प्रत्येक कंत्राटात अशी लेव्ही घाला आणि तालमीचे पैसे वेगळे लिहा. सुरुवात नाशिकमधूनच होऊ दे.