चार घोडे आणि एकच ओहोटी

कोकणात चार घोडे पाळणाऱ्या माणसाबद्दल लोकांची दोनच मतं असतात. एक, याच्याकडे पैसा फार असावा. दोन, याला घरात कुणी विचारत नसावं. नागावात माझ्याबाबतीत दुसरं मत जास्त चालतं आणि ते गावभर पोचवण्यात आमच्या आईचा मोठा वाटा आहे. "त्यापेक्षा दोन म्हशी बांधल्या असत्यास तर चहाला दूध तरी मिळालं असतं," हे ती अजून रोज ऐकवते.

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. हे कोडं ज्याने घातलं त्याच्याकडे एकच घोडा असणार. चार असते तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता : आधी कुठला फिरवायचा?

हरणी आधी. तो निर्णय तिचाच असतो. घोड्यांच्या कळपात बहुधा एखादी घोडीच कारभार बघते आणि आमच्या तबेल्यात तर मीसुद्धा त्या कळपात धरला गेलोय. तिला मागे ठेवून सुलतानाला खोगीर घातलं, की ती दारावर लाथा घालते. तिला नेलं, की तीन वर्षांचा बाळ्या असा खिंकाळतो की शेजारची माणसं अंगणात येतात. राहिला म्हातारा पवन. त्याला कुठेही जायचं नसतं. पण म्हाताऱ्या घोड्याला नुसतं उभं ठेवलं तर सांधे धरतात, म्हणून त्यालाही चालवून आणायचा. तो निघतो, वाटेत प्रत्येक ओळखीच्या कुंपणापाशी थांबतो आणि घरी येताना मात्र ओढत आणतो मला.

यात वेळेचा मालक समुद्र. ओल्या घट्ट वाळूवर घोडा मजेत दुडकतो, वरच्या भुसभुशीत वाळूत पळवला तर पायाच्या कंडरांवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांवर, ताण येतो. म्हणजे काम ओहोटीतच. तिची वेळ आमच्याकडे शाळकरी पोरही सांगतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणून सकाळी सहाला शेजारच्या अक्षी गावापर्यंत किनारा मोकळा. त्या दिवसांत माझ्याइतका शिस्तीचा माणूस रायगड जिल्ह्यात सापडणार नाही. अष्टमीला मात्र सहाला घट्ट वाळू पाण्याखाली आणि ओहोटी टळटळीत बारा वाजता. मग चौघेही माझ्याकडे बघत उभे राहतात. अष्टमी मीच आणली, अशी त्यांची समजूत असावी.

दुसरं पंचांग पर्यटकांचं. शनिवार-रविवार फेऱ्यांवर फेऱ्या, सोमवार ते शुक्रवार शुकशुकाट. घोड्याच्या शरीराला हे अजिबात मानवत नाही. विलायतेत गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी असायची, पण दाणा पूर्ण मिळायचा. सोमवारी जुंपलं की स्नायू लाकडासारखे कडक, लघवी कॉफीच्या रंगाची. त्याला सोमवारचं दुखणंच म्हणत. आमच्याकडे ते शनिवारी यायची भीती. म्हणून रिकाम्या दिवसांत हरभरा-कोंडा कमी, गवत जास्त, आणि गिऱ्हाईक नसलं तरी फेरफटका चुकवायचा नाही. हे शास्त्र मला पटलेलं आहे. सुलतानाला पटलेलं नाही. तोंडाला बांधलेला दाण्याचा तोबरा हलका लागला की सुलतान तो तोंडासकट माझ्या पाठीवर आपटतो.

पण खरी झोप उडवतं ते पोट. घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जायला हवं, नाहीतर पोटशूळ, आणि तो जिवावर बेततो. त्यामुळे आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न "चहा झाला का?" हा नसून "लीद झाली का?" हा आहे. एकदा मी पेणला एका साखरपुड्यात असताना हाच प्रश्न फोनवर मोठ्याने विचारला. पंगतीत माझ्या शेजारची दोन पानं रिकामी झाली.

त्यात किनाऱ्यावरचं गवत खाताना वाळू पोटात जाते आणि तळाशी साचते. ती तपासायची युक्ती सोपी आहे : लीद बादलीभर पाण्यात कालवायची, थांबायचं, तळाशी वाळू बसते का बघायचं. पुण्याहून आलेल्या मेव्हण्याने मला असा बादलीत डोकावून बसलेला पाहिला आणि बहिणीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुझ्या भावाचं सगळं ठीक आहे ना?"

पावसाळ्याबद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर मला रडू येईल. फेऱ्या बंद, खाणं चालू, गोमाश्या जोरात, खुरं सतत ओली राहून तळवा कुजायची धास्ती. खुरं सहा ते आठ आठवड्यांनी कापायला हवीत, आणि नालबंद घाटावरून यायचा. तो "येतो" म्हणतो.

राहिलं बाळ्याचं शिक्षण. त्याला वरातीसाठी तयार करायचं ठरलं. शिक्षणाचा मूळ नियम असा, की घोड्याने ऐकलं त्या क्षणी दोरी सैल सोडायची. त्या सुटकेतून तो शिकतो. शिवाय धडा छोटा, वीसेक मिनिटांचा. म्हणून रोज संध्याकाळी आधी लांबून ताशाची रेकॉर्डिंग, मग जवळून, मग स्टीलची परात, मग प्लास्टिकच्या पिशव्या. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. "लग्न कुणाचं रे?"

"घोड्याला सवय लावतोय, काकू."

"तुझं नाही ना?" त्या निराश होऊन गेल्या.

बाळ्या मात्र हुशार निघाला. मार्गशीर्षात गावातल्याच एका वरातीत तो गेला. समोर ताशा, डोक्यावर फेटा, बाजूला माळ फुटतेय, आणि हा कान हलवत उभा. माळ फुटली तशी नवरदेवाने किंचाळून त्याच्या मानेला मिठी मारली. त्याला कुणी परात वाजवून दाखवली नव्हती.