डाउन पेमेंटची पुंजी आणि व्याजदराचा हट्ट

पहिल्या घराच्या डाउन पेमेंटसाठी पैसे साठवणाऱ्यांना एक सल्ला सर्रास दिला जातो: सर्वाधिक व्याज देणारे खाते उघडा, सगळी पुंजी तिथेच ठेवा आणि तिला हात लागू नये म्हणून ती लांब मुदतीत अडकवा. त्याला जोडून असेही सांगतात, की बँकेत पैसा नुसता कुजतो, त्यापेक्षा तो शेअर बाजारात लावा. ऐकायला पटणारा हा सल्ला हिशेबाला बसवला की डळमळतो.

आधी व्याजदर पाहू. दरमहा 10,000 याप्रमाणे तीन वर्षांत 3,60,000 भरले जातात. चलन कोणतेही धरा. दोन खात्यांच्या दरात पूर्ण एक टक्क्याचा फरक असला, तरी तीन वर्षांअखेर हाती पडणारा फरक सुमारे 6,000 इतकाच असतो, कारण पहिल्या हप्त्यावर पूर्ण तीन वर्षांचे व्याज मिळत असले तरी शेवटच्या हप्त्यावर जेमतेम महिन्याचेच मिळते. म्हणजे एक हप्ता चुकला, तर चढ्या दराची सगळी कमाई गेलीच. शिवाय जाहिरातीतला दर कधी पहिल्या काही महिन्यांपुरता असतो, कधी ठरावीक शिल्लकेपर्यंतच लागू होतो, तर कधी त्या महिन्यात एकदाही पैसे काढले नाहीत तरच मिळतो. व्याजाची आकारणी हाही मुद्दा आहेच: दरमहा चक्रवाढ होणारे 6 टक्के वर्षाला 6.17 टक्के पडतात, त्यामुळे वर्षातून एकदाच व्याज जमा करणारे 6.1 टक्क्यांचे खाते दिसायला सरस असूनही कमी देते.

पैसे अडकवण्याचा सल्ला शिस्तीसाठी दिला जातो आणि त्यात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. पण घराचा व्यवहार मुदत ठेवीची तारीख पाहून ठरत नाही. मनाजोगे घर आधी सापडले तर ठेव मोडावी लागते आणि दंडापोटी व्याजाचा काही भाग जातो. काही ठेवी तर मुदतीआधी मोडताच येत नाहीत. खुल्या खात्यातही ऑनलाइन हस्तांतराची दैनंदिन मर्यादा किती आणि नव्याने नोंदवलेल्या लाभार्थीला लगेच मोठी रक्कम पाठवता येते का, हे आधीच विचारून ठेवावे. विक्रेत्याने दोन दिवसांत बयाणा मागितला, की या बारीक अटी एक टक्का व्याजापेक्षा जड ठरतात.

सगळी रक्कम एकाच बँकेत ठेवण्याबाबत थोडक्यात एवढेच, की ठेव विम्याला, म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणाऱ्या भरपाईला, मर्यादा असते. भारतात 2020 पासून ती प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून 5,00,000 रुपये आहे, तर युरोपीय संघात 1,00,000 युरो. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागल्याने हे संरक्षण वाढत नाही.

राहिला शेअर बाजार. महागाई आणि कर व्याज खातात, हे खरेच. मात्र ऑक्टोबर 2007 ते मार्च 2009 या काळात अमेरिकेतल्या सुमारे 500 मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा एस अँड पी 500 निर्देशांक निम्म्याहून अधिक घसरला आणि जुन्या उच्चांकावर परतायला त्याला 2013 उजाडले. घर दहा वर्षांनी घ्यायचे असेल तर एवढी वाट पाहता येईल आणि खरेदीचे वर्ष जवळ येईल तशी रक्कम टप्प्याटप्प्याने बचत खात्यात वळवता येईल. दोन-तीन वर्षांत घर घेणाऱ्याला ती सवड नसते.