मऊ अस्तराची कवळी रात्री कोरडी ठेवायची?

"कवळीला आतून मऊ अस्तर असेल तर ती रात्री पाण्यात ठेवू नका, अस्तर दगड होतं. कोरड्या डबीत ठेवा. कडक झालंच तर उकळत्या पाण्यात बुडवा, पुन्हा मऊ होईल." हा निरोप फिरतोय, आणि तो वाचून कुणी आपल्या आजीची कवळी उकळत्या पाण्यात टाकण्याआधी हे लिहितोय.

पाण्याने अस्तर कडक होतं, यात अर्धं खरं आहे. म्हणूनच ते पटतं. अस्तरं मुख्यतः दोन जातींची: ॲक्रिलिक (एक प्लास्टिक) आणि सिलिकॉन (रबरासारखं). ॲक्रिलिकच्या अस्तरात प्लास्टिसायझर नावाचा तेलकट द्रव मिसळून लवचिकपणा आणलेला असतो. पाण्यात तो हळूहळू बाहेर झिरपतो, थोडं पाणी आत शिरतं आणि अस्तर घट्ट होत जातं. दुखऱ्या हिरड्यांसाठी थोडे दिवस लावतात त्या टिश्यू कंडिशनरमध्ये तर अल्कोहोलही असतं. ते बरंचसं पहिल्या दिवसभरातच निघून जातं. म्हणून ते वरचेवर बदलतात. सिलिकॉनचा मऊपणा मात्र त्याचा स्वतःचा, बाहेरून घातलेला नाही. पाण्यात बराच काळ राहूनही तो फारसा बदलत नाही. त्याचं दुखणं वेगळं: ते कडेने कवळीपासून सुटू लागतं.

आता, प्रयोगशाळेत अस्तराचे नमुने पाण्यात ठेवून शोअर-ए मापकाने त्यांचा कडकपणा मोजतात, तेव्हा ते पाणी ३७ अंश सेल्सिअसचं असतं. का? कारण तोंडही तेवढंच उबदार आणि ओलं. कवळी दिवसभर लाळेत असते, शिवाय तेलकट जेवण प्लास्टिसायझर ओढून घेतं ते वेगळंच. मग रात्रीचा पेलाभर गार पाण्याचा विटाळ कशाला?

कोरड्या डबीने उलट नुकसान होतं. कवळीच्या कडक ॲक्रिलिकने पाणी धरून ठेवलेलं असतं. ते सुकलं की तिचा आकार बिघडू शकतो. अमेरिकन कॉलेज ऑफ प्रॉस्थोडॉन्टिस्ट्स या कृत्रिम दातांच्या तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: तोंडात नसेल तेव्हा कवळी स्वच्छ करून पाण्यात बुडवून ठेवा. अस्तर कोणत्या जातीचं आहे आणि कोणती सफाईची गोळी चालेल, एवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

उकळत्या पाण्याला त्याच सूचनांत सरळ मनाई आहे. उष्णतेने ॲक्रिलिकचं अस्तर घटकाभर मऊ लागतं खरं, पण गार झालं की पुन्हा घट्ट. वर प्लास्टिसायझर आणखी वेगाने निघतो आणि कवळी वाकते. गेलेला प्लास्टिसायझर परत येत नाही. ते अस्तर काढून नवं घालावं लागतं, आणि ते दवाखान्यातच.